सैनिक कल्याण वेगळं, रेकॉर्ड ऑफिस वेगळं

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडच्या फौजीच्या घरात पेन्शनचे कागद ज्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत सैनिक कल्याणचं, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचं, ओळखपत्रही असतं. दोन्ही सरकारी, म्हणून घरच्यांना ती एकाच खात्याची वाटतात. मग पेन्शन अडली की पणजीला सैनिक कल्याणच्या दारात जाऊन बसायचं आणि समोरच्या कारकुनावर चिडायचं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता नीट लिहूनच टाकतो.

सैनिक कल्याण बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. माजी सैनिकाचं ओळखपत्र, नोकरीसाठी नावनोंदणी आणि केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचे अर्ज तपासून पुढे पाठवणं, ही तिथली मुख्य कामं. पेन्शन नसलेल्या आणि पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकाला किंवा विधवेला महिना ८,००० रुपये मिळतात. १ नोव्हेंबर २०२५ पूर्वी ते ४,००० होते. हवालदारापर्यंतच्या पदांना मुलीच्या लग्नासाठी १ लाख आणि दोन मुलांच्या शिक्षणासाठी प्रत्येकी महिना २,००० रुपये. ही मदत गरज बघून मिळते.

पेन्शन गरज बघत नाही. ती केलेल्या नोकरीची आहे आणि तिचं मूळ रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयात आहे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सवाल्याचं खडकीला, सिग्नल्सवाल्याचं जबलपूरला. तिथून कागद जातात, प्रयागराजचं पीसीडीए, म्हणजे संरक्षण खात्याचं हिशेब कार्यालय, पेन्शन मंजूर करून पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) काढतं आणि पैसे ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेतून खात्यात जमा होतात. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही ‘स्पर्श’साठीच. माजी सैनिकांच्या उपचारांची योजना, ईसीएचएस, आणखी वेगळी, त्याचं कार्डही वेगळं. त्यात फारसं कोणी फसत नाही.

फसतात ते बायकोच्या नावात.

आपल्याकडे एकाच बाईची तीन नावं सहज निघतात. जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव पोर्तुगीज धाटणीच्या स्पेलिंगने, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. लग्नाच्या नोंदणीतही माहेरचंच नाव. सासरी लग्नात नाव बदललेलं, तेच पुढे आधारवर आलेलं. आणि नवरा सुटीवरून युनिटमध्ये परतल्यावर तिथल्या क्लार्कने कानावर पडलं तसं तिसरंच काहीतरी पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लग्न-मुलांच्या नोंदी होतात त्या युनिटच्या आदेशात, चढवलेलं. पीपीओवर येतं ते हे तिसरं. नवरा आहे तोवर कोणाचं काही अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना आधारवरचं नाव आणि पीपीओवरचं नाव समोरासमोर येतात आणि गाडी तिथेच थांबते.

वाळपईजवळच्या एका काकूंचं असंच झालं. साडीच्या दुकानाची पिशवी त्यांनी पडवीत उपडी केली. डिस्चार्ज बुक, पासबुक, नोटरीची तीन ॲफिडेव्हिट्स आणि सैनिक कल्याणने दिलेलं विधवेचं ओळखपत्र. ओळखपत्रावर नाव अगदी बरोबर, आधारला जुळणारं. ते पुढे करून त्या म्हणाल्या, “हे बघ बाबा, सरकारने दुरुस्त करून दिलंय ना? मग पैसे का येत नाहीत?” बाईंनी आठ महिने वाट पाहिली होती. ॲफिडेव्हिट केलं की काम होतं असं सांगून एका एजंटाने पैसेही उकळले होते.

घोळ नेमका इथे आहे. सैनिक कल्याणचं कार्ड त्या बाई कोण आहेत ते सांगतं. पेन्शन मात्र रेकॉर्डमध्ये जे नाव चढलंय त्यालाच मिळते, आणि ते नाव बदलण्याचा अधिकार सैनिक कल्याणला नाही. ॲफिडेव्हिट हा अर्जासोबतचा पुरावा आहे. त्याने रेकॉर्डमधलं एक अक्षरही हलत नाही. अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या नावे करायचा. सोबत आधार, पॅन, लग्नाचा दाखला आणि ही दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं ॲफिडेव्हिट. सैनिक कल्याणची गरज इथे लागते ती सही-शिक्क्यासाठी, आणि अर्ज कसा लिहायचा ते विचारण्यासाठी. तेवढ्यासाठी जरूर जा, माणसं मदत करतात. पण तो अर्ज पुढे बेळगावला पोचला की नाही, हे आपणच बघायचं. रेकॉर्डमध्ये दुरुस्ती झाली की प्रयागराजहून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त केलेला, पीपीओ निघतो. तो हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो हा: निवृत्त झालेला माणूस धडधाकट घरी बसलेला असताना ही दुरुस्ती कोणी करत नाही. तो स्वतः अर्ज करू शकतो, त्याची सही रेकॉर्डमध्ये आहे, त्याला आपला सर्व्हिस नंबर झोपेतही आठवतो. तेच काम बाईला एकटीने करावं लागलं तर बेळगावसाठी चोर्ला घाट चढून-उतरून जीव जातो.

काकूंचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला, या वेळी योग्य पत्त्यावर. कॉरिजेंडम पीपीओ आला, आणि नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी एकदम जमा झाली. त्यांनी फोन करून आधी रक्कम नाही सांगितली, पीपीओवरचं नाव एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं.