लोकसभेची घडण : निकालापासून कामकाजापर्यंत (सोलापूर मतदारसंघाच्या संदर्भात)

लोकसभा निवडणुकीचा निकाल लागतो त्या दिवशी खासदार निवडून येतात. लोकसभा अस्तित्वात येते ती नंतर, आणि कामाला लागते ती त्याहून नंतर. २०२४ मध्ये ४ जूनला मतमोजणी झाली, सभागृह पहिल्यांदा भरले २४ जूनला. मधल्या वीस दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयापासून राष्ट्रपती भवनापर्यंत बरेच कागद हलतात. गुलाल उधळून झाला की लोकांचे लक्ष तिथून उडते, आणि पुढची पाच वर्षे ‘खासदार करतात तरी काय’ हा प्रश्न चौकात चघळला जातो. त्याचे बरेचसे उत्तर सभागृहाच्या नियमावलीत आहे.

सोलापूर जिल्हा कोणाकोणाला निवडून देतो, इथूनच गोंधळ सुरू होतो. जिल्ह्याचा भाग तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. सोलापूर (क्र. ४२) मध्ये मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे सातारा जिल्ह्यातील फलटण व माण यांच्यासह माढा मतदारसंघात आहेत. बार्शी धाराशिवला जोडलेली आहे. ही रचना २००८ च्या पुनर्रचनेतली. तिच्यात पूर्वीचा राखीव पंढरपूर मतदारसंघ संपला आणि सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. बार्शीकराने आपले गाऱ्हाणे सोलापूरच्या खासदाराकडे नेले, तर तो चुकीच्या दारात उभा असतो. जिल्हा एकच असला तरी.

निकालाचे कागद

मतमोजणीची शेवटची फेरी संपली की निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे सोलापूरच्या बाबतीत जिल्हाधिकारी, नमुना २१-क मध्ये निकाल घोषित करतात आणि विजयी उमेदवाराला नमुना २२ मधील निवडून आल्याचे प्रमाणपत्र देतात. २०२४ मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांचा ७४,१९७ मतांनी पराभव केला. छायाचित्रात दिसणारा तो एक कागद केवळ आठवण म्हणून जपायचा नसतो. शपथ घेताना सभागृहातील अधिकाऱ्याला तो दाखवावा लागतो, म्हणून तो दिल्लीला न्यावाच लागतो.

सर्व मतदारसंघांचे निकाल आले की निवडणूक आयोग लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७३ खाली निवडून आलेल्यांची यादी राजपत्रात प्रसिद्ध करतो. या अधिसूचनेनंतर नवे सभागृह ‘रीतसर गठित’ झाले असे मानले जाते. जुनी लोकसभा त्याच सुमारास विसर्जित होते. १७वी लोकसभा ५ जून २०२४ ला विसर्जित झाली.

खासदाराच्या मागे लागलेली तीन घड्याळे इथून चालू होतात. निकालापासून ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. महाराष्ट्रात लोकसभेसाठी खर्चाची मर्यादा २०२४ मध्ये ९५ लाख रुपये होती. हिशेब दिला नाही आणि कारणही पटले नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि हे पराभूत उमेदवारालाही लागू आहे. दुसरे घड्याळ ४५ दिवसांचे : तेवढ्या मुदतीत निवडणुकीला उच्च न्यायालयात याचिकेद्वारे आव्हान देता येते. तिसरे आमदारांसाठी. विधानसभेचा सदस्य संसदेवर निवडून आला तर राजपत्रातील प्रसिद्धीपासून १४ दिवसांत त्याने विधानसभा सोडावी लागते. सोडली नाही तर जाते ती लोकसभेची जागा, विधानसभेची नव्हे. लोक नेमके उलटे समजतात. २०२४ मध्ये दोन्ही प्रमुख उमेदवार आमदार होते. शिंदे यांना शहर मध्यची जागा सोडावी लागली. सातपुते हरल्यामुळे माळशिरसचे आमदार राहिले. शहर मध्यला पोटनिवडणूक झाली नाही, कारण विधानसभेची मुदत वर्षभराहून कमी उरली होती आणि अशा वेळी पोटनिवडणुकीची सक्ती नसते.

सरकार आधी, सभागृह मागून

पंतप्रधानांची नेमणूक लोकसभा करत नाही, राष्ट्रपती करतात, आणि तीही बहुधा लोकसभा भरण्याआधी. ५४३ पैकी २७२ हा आकडा लागतो. २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळाल्या. तेलुगू देसमच्या १६, जनता दल (संयुक्त) च्या १२ आणि इतर मित्रपक्षांच्या जागांसह राष्ट्रीय लोकशाही आघाडी २९३ वर गेली. घटक पक्षांची पाठिंब्याची पत्रे राष्ट्रपतींना दिली जातात आणि त्यावरून निमंत्रण मिळते. ९ जूनला ७२ जणांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. मंत्र्यांची कमाल संख्या लोकसभेच्या १५ टक्के, म्हणजे ८१. ही मर्यादा २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने आली. संसदेत नसलेली व्यक्तीही मंत्री होऊ शकते, पण सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहात यावे लागते.

पत्रांवरचे बहुमत सभागृहात टिकेलच असे नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. त्या दिवशी सरकारविरुद्ध मतदान करणारे गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले होते, पण लोकसभेची जागा त्यांनी अजून सोडलेली नव्हती. मुख्यमंत्र्याला आमदार व्हायला सहा महिने मिळतात आणि तोवर तो खासदार राहू शकतो, त्यामुळे मत वैध ठरले.

पंतप्रधान राज्यसभेचे असतील तर लोकसभेत सभागृह नेता (सरकारच्या बाजूने कामकाज सांभाळणारा) दुसरा असतो. सोलापूरला याचा जवळून परिचय आहे. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य असल्याने सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे हे २०१२ ते २०१४ या काळात, गृहमंत्री असतानाच, लोकसभेचे सभागृह नेते होते.

पहिले चार दिवस

नव्या लोकसभेला अध्यक्ष नसतो आणि शपथ न घेतलेले सदस्य अध्यक्ष निवडू शकत नाहीत. ही अडचण हंगामी अध्यक्षाने सुटते. राष्ट्रपती एका ज्येष्ठ सदस्याला अनुच्छेद ९५(१) खाली नेमतात. ज्येष्ठता कशी मोजायची हे मात्र कुठे लिहिलेले नाही. २०२४ मध्ये सलग सात वेळा निवडून आलेले भर्तृहरि महताब नेमले गेले आणि एकूण आठ वेळा निवडून आलेले के. सुरेश डावलले गेले, म्हणून वाद झाला.

शपथ घेतात आधी पंतप्रधान आणि मंत्री, मग राज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरक्रमाने सदस्य. महाराष्ट्राची पाळी दुसऱ्या दिवशी, २५ जूनला आली. नाव पुकारले की सदस्य महासचिवांच्या मेजाजवळ जातो, प्रमाणपत्र दाखवतो आणि आपल्या भाषेतील मसुद्याचा कागद हातात घेतो. आठव्या अनुसूचीतील कोणतीही भाषा चालते, त्यामुळे मराठीत शपथ घेण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. अध्यक्षांकडे तोंड करून ‘ईश्वरसाक्ष’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ असे वाचायचे, अध्यक्षांना अभिवादन करायचे, आसनाच्या मागून वळसा घालून पलीकडे जायचे आणि सदस्यांच्या नोंदवहीत सही करायची. २०२४ मध्ये शपथेच्या मागेपुढे इतक्या घोषणा झाल्या की नंतर अध्यक्षांच्या निर्देशांत बदल करून मसुद्याबाहेरचा शब्द उच्चारण्यास मनाई करावी लागली. शपथेआधी सभागृहात बसून भाग घेतला किंवा मत दिले, तर अनुच्छेद १०४ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. रक्कम १९५० पासून तीच आहे.

अध्यक्षपदाच्या नावाची सूचना निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी १२ पूर्वी द्यावी लागते. २६ जूनला ओम बिर्ला यांची निवड आवाजी मतदानाने झाली. विरोधकांचे उमेदवार के. सुरेश होते, पण मतविभागणीचा, म्हणजे प्रत्यक्ष मते मोजण्याचा, आग्रह धरला गेला नाही. उपाध्यक्ष ‘शक्य तितक्या लवकर’ निवडावा असे घटना म्हणते. तारखेची सक्ती नाही, आणि १७व्या लोकसभेने पाचही वर्षे उपाध्यक्षाविना काढली. घटनेतले ‘लवकर’ किती ताणता येते याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणार नाही.

२७ जूनला राष्ट्रपतींचे दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण झाले. भाषण सरकारने लिहिलेले असते. त्यावरील आभारदर्शक प्रस्ताव लोकसभेत फेटाळला गेला तर तो सरकारवरचा अविश्वास मानला जातो, म्हणून नावावरून वाटतो तितका तो उपचार नाही.

विरोधी पक्षनेत्याच्या पदासाठी सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे ५५ सदस्य लागतात असा प्रघात आहे. काँग्रेसकडे २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा होत्या, त्यामुळे दहा वर्षे पद रिकामे होते. २०२४ मध्ये ९९ जागांवर ते राहुल गांधी यांच्याकडे आले. सीबीआय संचालक, लोकपाल, मुख्य निवडणूक आयुक्त यांच्या निवड समित्यांत हा नेता बसतो, त्यामुळे पदाला खरे वजन आहे.

खासदाराच्या हातात काय असते

मागच्या बाकावरच्या सदस्याला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे प्रश्न. सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. दिवसाला २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी निघतात. सूचना पूर्ण १५ दिवस आधी द्यायची. एका सदस्याच्या एका दिवसासाठी पाचपेक्षा जास्त सूचना घेतल्या जात नाहीत, आणि सूचना जागांपेक्षा कितीतरी जास्त येत असल्याने क्रम सोडतीने लागतो. तारांकित २० पैकी प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोचतात. ज्यांना आकडे हवे असतात ते जाणकार सदस्य म्हणूनच अतारांकित प्रश्नावर भर देतात. तिथे उत्तर लेखी मिळते आणि गोंधळात सभागृह तहकूब झाले तरी ते पटलावर येते.

प्रश्न बाद होतात ते बहुधा मांडणीमुळे. मजकूर साधारण १५० शब्दांत बसला पाहिजे आणि विषय मुख्यतः भारत सरकारच्या जबाबदारीचा हवा. ‘सोलापूर शहराला किती दिवसांआड पाणी येते?’ हा प्रश्न महापालिका आणि राज्याचा. लोकसभा सचिवालय तो नाकारणार. ‘स्मार्ट सिटी अभियानात केंद्राने सोलापूरला वर्षनिहाय किती निधी दिला, किती खर्च झाला आणि कोणती कामे अपूर्ण आहेत?’ हा मात्र बसतो, कारण पैसा केंद्राचा आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्ग, फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प, केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, राष्ट्रीय महामार्ग हे थेट केंद्राचे विषय. चादरीचे तसे नाही. सुताचा भाव वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, टॉवेलवरचा जीएसटी अर्थ मंत्रालयाकडे, सोलापुरी चादरीचे भौगोलिक मानांकन वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे. तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात कोंबल्या की तो एका मंत्रालयाकडून दुसऱ्याकडे वर्ग होतो. मंत्रालयांचे उत्तराचे वार ठरलेले असल्याने मिळालेली तारीख हुकते. यंत्रमागधारकांनी निवेदन देतानाच ते मंत्रालयनिहाय तोडून दिले, तर खासदारापेक्षा त्यांचाच वेळ वाचतो.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले तर ते टाळाटाळीचे वाटते, पण संसदीय हिशेबात ते आश्वासन ठरते. तीन महिन्यांत ते पुरे करावे लागते, आणि सरकारी आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते.

प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या शून्य प्रहरासाठी त्याच दिवशी सकाळी १० पर्यंत सूचना द्यायची; तातडीचा विषय मांडता येतो, मात्र मंत्र्याने तिथेच उत्तर देण्याचे बंधन नाही. नियम ३७७ खाली ठरीव मजकूर वाचला किंवा पटलावर ठेवला जातो आणि नंतर लेखी उत्तर येते. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे. खासदाराने स्वतः मांडलेली अशी विधेयके आजवर १४ मंजूर झाली, शेवटचे १९७० मध्ये. म्हणजे ‘अमुक खासदारांनी विधेयक मांडले’ ही बातमी विषयाकडे लक्ष वेधण्यापुरतीच घ्यावी.

शांतपणे काम होते ते समित्यांत. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. बैठकांचे प्रक्षेपण होत नाही. कदाचित म्हणूनच तिथे पक्षापेक्षा विषयावर जास्त बोलले जाते. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधकांकडे देण्याची प्रथा आहे.

मतदानाच्या वेळी मात्र सदस्य मोकळा नसतो. दहाव्या अनुसूचीमुळे (१९८५) पक्षादेश मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते; निर्णय अध्यक्षांचा. साधे विधेयक हजर आणि मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होते. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांचे दोन तृतीयांश, दोन्ही लागतात. विधेयक नुसते सभागृहात मांडायला मात्र साधे बहुमत पुरते. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्रित निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडले गेले, तेव्हा ‘दोन तृतीयांश नसताना मंजूर झाले’ असा गैरसमज पसरला होता.

पैशाच्या बाबतीत लोकसभेचा शब्द अखेरचा. निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी), पूर्ण अर्थसंकल्प नवे सरकार आल्यावर. २०२४ मध्ये तो २३ जुलैला आला. वेळ संपली की उरलेल्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. कोट्यवधींच्या तरतुदी अशा काही मिनिटांत मंजूर होतात, आणि याला कोणताही पक्ष अपवाद नाही.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा. खासदार काम फक्त सुचवतो. तपासणी, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा यंत्रणेकडे. किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायची असते. शिफारशीचे पत्र म्हणजे मंजूर काम नव्हे. जागा सार्वजनिक मालकीची नसेल तर काम तिथेच अडते.

मुदत आणि विसर्जन

पाच वर्षे मोजतात ती पहिल्या बैठकीच्या दिवसापासून, त्यामुळे १८वी लोकसभा आधी विसर्जित झाली नाही तर तिची मुदत २३ जून २०२९ ला संपते. विसर्जनाबरोबर लोकसभेत पडून असलेली सर्व विधेयके रद्द होतात, आणि लोकसभेने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेली सुद्धा. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेपर्यंत न आलेले विधेयक तेवढे जिवंत राहते. महिला आरक्षणाचे विधेयक २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर करून लोकसभेकडे पाठवले, तिथे ते मताला आलेच नाही आणि २०१४ मध्ये १५व्या लोकसभेबरोबर संपले. २०२३ मध्ये त्यासाठी नव्याने विधेयक आणावे लागले.