सुई कोणाची, सही कोणाची? पशुवैद्य आणि पदविकाधारक यांच्यातला फरक

कुत्रा-मांजर पाळणारी चार माणसं एकत्र बसली की एक वाक्य हमखास येतं: ‘आमच्याकडे एक डॉक्टर घरी येतात, क्लिनिकच्या निम्म्या पैशात इंजेक्शन देऊन जातात.’ लगेच बाकीचे तिघे नंबर मागतात. ते डॉक्टर म्हणजे नेमके कोण, त्यांचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे मात्र कोणी विचारत नाही. अंगात ॲप्रन, हातात सिरिंज आणि दारात उभी दुचाकी एवढ्यावर आपण माणसाला पशुवैद्य ठरवतो. हा गोंधळ इतक्या वेळा बघितला आहे की आता तो एकदाचा सविस्तर सोडवायला हवा.

पशुवैद्य म्हणजे कोण हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही साडेपाच वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात ही पदवी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळते: मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे. पदवीनंतर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी होते आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर आणि प्रमाणपत्रावर असायला हवा.

दुसरा माणूस म्हणजे पदविकाधारक. दहावी किंवा बारावीनंतर पशुसंवर्धनाचा दोन-तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला. सरकारी नोकरीत तो पशुधन पर्यवेक्षक असतो, खाजगीत त्याला गावभर ‘डॉक्टर’च म्हणतात. या मंडळींबद्दल तुच्छतेनं बोलणारे मला अजिबात आवडत नाहीत. गावोगावचं कृत्रिम रेतन, लसीकरण, जखमांचं ड्रेसिंग हे मुख्यतः त्यांच्या जिवावर चालतं. २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन गाईबैलांना लस टोचणाऱ्यांत तेही होते. रात्री-अपरात्री अडलेल्या म्हशीपाशी अनेकदा पहिला पोचतो तो हाच माणूस. तेव्हा प्रश्न त्यांच्या कष्टांचा किंवा हाताच्या कौशल्याचा नाही.

सरकारी पदनामांनी यात आणखी घोळ घातला आहे, तो एका दमात सांगतो. पशुधन विकास अधिकारी हा पदवीधर पशुवैद्य असतो. ‘सहायक’ हा शब्द आधी लागला, म्हणजे सहायक पशुधन विकास अधिकारी, की ते पर्यवेक्षकांच्या बढतीचं पद असतं. श्रेणी-१ चा पशुवैद्यकीय दवाखाना पशुवैद्याच्या हाताखाली असतो. श्रेणी-२ चा दवाखाना पारंपरिकरीत्या पर्यवेक्षक किंवा सहायक अधिकारी चालवत आले आहेत. दवाखान्यांची श्रेणीवाढ होत असते, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता बाहेरची पाटी वाचावी आणि आत कोण बसतं ते सरळ विचारावं.

आता खरी गोम. लोक म्हणतात, ‘पदवी काय नि पदविका काय, अनुभव महत्त्वाचा. वीस वर्षं सुई टोचतोय, त्याला कळत नसेल?’ सुई टोचणं त्याला नक्कीच कळतं. कायद्याचंही त्याला ना नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ यातलं कलम ३० सांगतं की पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानंच करायचा. त्याच कलमात एक सवलत आहे: राज्य सरकार पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी देऊ शकतं. लस टोचणं, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग, प्रथमोपचार आणि सरकारनं अधिसूचनेत नमूद केलेल्या काही आजारांवरचे उपचार हे त्यात येतं. पण या सवलतीला एक अट आहे आणि ती अट सगळे विसरतात: हे काम नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली व्हायला हवं.

माणसांच्या इस्पितळात सिस्टर दिवसभरात शेकडो इंजेक्शनं देतात, अनेकदा डॉक्टरपेक्षा हलक्या हातानं. पण कोणतं इंजेक्शन, किती आणि का, हे केसपेपरवर लिहून खाली सही करणारा वेगळा असतो. काही बिघडलं तर जाब त्याला विचारला जातो. पदविकाधारक घरी येऊन सुई देतो तेव्हा तो केसपेपर कोणाचा आहे? त्याच्यामागे पशुवैद्य असेल, त्यानं जनावर तपासलेलं असेल आणि आज फक्त पाचवं इंजेक्शन द्यायचं असेल, तर खुशाल द्यावं. घरच्या घरी, कमी पैशात, प्राण्याला त्रास न होता काम होतं. मी स्वतः लोकांना ही व्यवस्था सुचवतो. पण निदानही त्याचंच, औषधही त्याचंच आणि कागद कुठेच नाही, अशी स्थिती असेल तर तुम्ही स्वस्त पशुवैद्य शोधलेला नाही. तुमच्या प्राण्याला पशुवैद्यानं बघितलेलंच नाही.

यात पैसे कसे जातात ते खाजेच्या उदाहरणावरून चांगलं कळतं, कारण पावसाळ्यात निम्मी कुत्री खाजवत असतात. घरी येणारा माणूस एक इंजेक्शन देतो. संध्याकाळपर्यंत खाज थांबते, घरचे खूश. बहुतेक वेळा ते इंजेक्शन स्टिरॉइडचं असतं. कुत्र्याची भूक आणि तहान एकदम वाढली, ते वारंवार लघवीला जायला लागलं, तर ओळखावं. ॲलर्जीची खाज असेल तर स्टिरॉइडला जागा आहे, पशुवैद्यही देतात. पण खाज डेमोडेक्स या किड्यामुळे असेल तर स्टिरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं आणि किडा फोफावतो. दोन-तीन आठवड्यांनी खाज परत येते, पुन्हा सुई, पुन्हा आराम. असं होत होत डोळ्यांभोवतीचा एक टक्कल पडलेला ठिपका अंगभर पसरतो, त्यात जंतुसंसर्ग होतो, आणि मग क्लिनिकमध्ये कित्येक महिन्यांचा उपचार सुरू होतो. हे सगळं टाळणारी तपासणी अगदी साधी आहे: पात्यानं त्वचा थोडी खरवडायची, काचपट्टीवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पशुवैद्यकातल्या सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी ती एक आहे. सुईवाल्याच्या दोन-तीन फेऱ्यांचे पैसे आणि तिचे पैसे यांत फार अंतर नसतं. बिल फुगतं ते चुकीच्या दिशेनं घालवलेल्या महिन्यांमुळे.

गोचीडतापाचंही तेच. कुत्रं मलूल, ताप, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या. निष्कर्ष तयार: ‘टिक फीवर.’ पण गोचिडांमुळे होणारे आजार एकाहून जास्त आहेत, एर्लिकिया आणि बॅबेशिया हे त्यातल्या दोन आजारांचे जंतू. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालतं, बॅबेशियावर ते पुरेसं नाही, तिथे वेगळी औषधं लागतात, आणि बॅबेशियाच्या जातीनुसार तीही बदलतात. त्यातल्या एका इंजेक्शनाचा डोस चुकला तर मेंदूवर परिणाम होतो. रक्ताची तपासणी न करता दोन्ही औषधं अंदाजानं ठोकणं हा उपचार नाही. ‘तपासण्या करून पैसे उकळतात’ ही तक्रार मी रोज ऐकतो, आणि काही ठिकाणी ती खरीही असते. पण तपासणी नको म्हणताना आपण अंदाजाचे पैसे देतो, हे लक्षात घ्या.

सगळ्यात जास्त चीड मला एका सुईची येते: मादी माजावर येऊ नये म्हणून दिलं जाणारं हार्मोनचं इंजेक्शन. ‘ऑपरेशनचा खर्च कशाला, सहा महिन्यांनी एक सुई घ्या’ असं सांगून ती विकली जाते. या हार्मोनमुळे गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, धोका वाढतो. पायोमेट्रा झाला की त्याच गर्भाशयाचं ऑपरेशन करावं लागतं, फक्त आता ते तातडीनं, तापलेल्या, पाणी कमी झालेल्या, विष भिनत चाललेल्या कुत्रीवर, भुलीचा धोका कितीतरी वाढलेला असताना. तरुण, निरोगी कुत्रीचं ठरवून केलेलं ऑपरेशन त्यापेक्षा खूप कमी खर्चात होतं. मादी पाळली असेल आणि पिल्लं नको असतील तर या एका गोष्टीत काटकसर करूच नका.

सहीचा भाग उरला. रेबीजची लस कोणी टोचली यापेक्षा प्रमाणपत्रावर कोणाची सही आहे याला कागदोपत्री महत्त्व आहे. पशुआरोग्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार कायद्यानं फक्त नोंदणीकृत पशुवैद्याला दिला आहे. महापालिकेचा परवाना, विमानप्रवास, बोर्डिंग, विम्याचा दावा, सगळीकडे तेच लागतं. पेट शॉपमधून मिळालेलं, नोंदणी क्रमांक नसलेलं लसीचं पुस्तक यातल्या कुठल्याही खिडकीवर निरुपयोगी ठरू शकतं. मग लोक परत लस घेतात, म्हणजे खर्च दुप्पट.

लसीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. पिल्लू विकणाऱ्या दुकानाच्या फ्रिजमध्ये थंड पेयांच्या बाटल्यांशेजारी ठेवलेली कुपी वीज गेल्यावर कशी राहिली असेल कोण जाणे. कुपीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर तुमच्या देखत पुस्तकात चिकटवलं पाहिजे. स्टिकर नाही तर ती लस झाली असं मी धरत नाही. आणि हो, ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशी अनेक आजारांवरची एकत्रित लस झाली म्हणजे रेबीजची लस झाली असं समजू नका. ती बहुधा वेगळी द्यावी लागते.

पदव्यांबद्दल एक छोटी गोष्ट. एम.व्ही.एस्सी. पाहून लोक भारावतात. ही पदव्युत्तर पदवी अनेक विषयांत होते: शस्त्रक्रिया, औषधवैद्यक, प्रजनन, पण पशुपोषण आणि कुक्कुटपालनातही. पाय मोडलेल्या मांजरासाठी शस्त्रक्रियेवाला हवा, पोषणवाला नको. विषय विचारायला संकोच करू नका. आणि रोज कुत्री-मांजरं बघणारा साधा पदवीधर हा आयुष्यभर फक्त गोठे हाताळलेल्या उच्चशिक्षितापेक्षा तुमच्या मांजरासाठी बरा, हे माझं ठाम मत आहे.

मग खर्च कमी कसा करायचा? पशुवैद्य टाळून नव्हे. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. परळला त्याच आवारात ‘बैलघोडा’ म्हणून मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेलं प्राण्यांचं इस्पितळ आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळ, लातूर जिल्ह्यात उदगीर. तिथे रांग असते, विद्यार्थी तपासतात, वेळ जातो. पण वर प्राध्यापक असतात, एक्स-रे, सोनोग्राफी, शस्त्रक्रिया एकाच छताखाली होतात आणि दर खाजगी क्लिनिकपेक्षा बरेच कमी असतात. गुंतागुंतीच्या केसमध्ये मी डोळे झाकून तिकडे जायला सांगेन. सरकारी दवाखाना फक्त गाई-म्हशींचा असतो हाही एक गैरसमज. श्रेणी-१ मध्ये कुत्रंही तपासतात.

खाजगी क्लिनिकमध्ये सुरुवातीलाच अंदाजपत्रक मागा. ‘आज यातलं काय लगेच करणं भाग आहे आणि काय चार दिवस थांबू शकतं?’ हा प्रश्न विचारला की चांगला पशुवैद्य रागावत नाही, उलट प्राधान्यक्रम लावून देतो. जुने रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये ठेवा. दुसरं मत घेताना त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. बरीच औषधं माणसांच्या मेडिकलमध्ये जेनेरिक नावानं मिळतात, लिहून देताना तसं विचारा. मात्र घरातल्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. विमा घ्यायचा तर प्राणी तरुण आणि निरोगी असताना घ्या, आधीपासूनचे आजार सहसा त्यात धरत नाहीत.

घरी येणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी तीनच गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक काय, नसेल तर कोणत्या पशुवैद्याच्या सांगण्यावरून औषध देताय, आणि काय दिलं ते कागदावर लिहून द्याल का. ज्याच्यामागे खरंच पशुवैद्य आहे तो लगेच नाव-नंबर सांगतो. खेड्यात असाल आणि जवळ कोणीच नसेल, तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक फिरवा. जिथे फिरती पथकं नेमलेली आहेत तिथे त्या गाडीत एक पशुवैद्य आणि एक सहायक असे दोघेही असतात.