गरोदरपणी कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही

‘पोटुशीने बेताने खावे, नाहीतर बाळ मोठे होऊन अडते’ हा सल्ला कोल्हापूरकडच्या गावांत आणि ऊसतोडीच्या पालांवर आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. आईची उपासमार झाली की अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका वाढतो आणि रक्तक्षय असल्यास बाळंतपणातला रक्तस्राव तिला झेपत नाही. बाळ अडण्यामागे अनेकदा आईची अरुंद कटी (बाळ ज्यातून बाहेर येते तो कमरेच्या हाडांचा सांगाडा) असते, जी लहानपणीच्या कुपोषणाने किंवा वाढ पुरी होण्याआधी लादलेल्या गरोदरपणामुळे अरुंद राहिलेली असते. बाळ प्रमाणाबाहेर मोठे होण्याचे एक प्रमुख कारण मधुमेह आहे, पोटभर भाकरी नव्हे. जिथे सून शेवटी जेवते, त्या घराला हा सल्ला सोयीचा पडतो, हेही नोंदवले पाहिजे. प्रत्यक्षात गरोदर स्त्रीला दिवसाला सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार हा तिचा हक्क आहे. मात्र हंगामासाठी आलेल्या मजूर स्त्रीचे नाव मूळ गावच्याच अंगणवाडीत राहिले, तर तो आहार फडापर्यंत पोचत नाही.