समस्थानिके ओळखणारा प्रकाश
‘एकाच मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे (म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या अणूंचे) रसायन सारखेच असते, म्हणून ती प्रकाशाने वेगळी करता येणारच नाहीत’, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. शाळेत शिकलेल्या नियमातूनच तो निघतो, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या नियमातील ‘सारखे’ म्हणजे ‘तंतोतंत तेच’ नव्हे.

अणुकेंद्राचे वस्तुमान बदलले, आणि जड मूलद्रव्यांत त्याचे आकारमानही बदलले, की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकतात आणि त्यांबरोबर अणू शोषत असलेल्या प्रकाशाची तरंगलांबीही सरकते. साध्या हायड्रोजनच्या वर्णपटातील लाल रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर असते, तर त्याचे जड समस्थानिक असलेल्या ड्यूटेरियमची ६५६.१० वर; १९३१ मध्ये ड्यूटेरियमचा शोध अशाच सरकलेल्या रेषांवरून लागला. साध्या दिव्याच्या पसरट प्रकाशाला एवढा बारीक फरक साधत नाही, पण नेमक्या तरंगलांबीवर जुळवलेला लेझर हवे ते समस्थानिकच उद्दीपित करतो. त्या अणूला आणखी ऊर्जा दिली की तो इलेक्ट्रॉन गमावून धनभारित होतो, आणि मग विद्युतक्षेत्राने त्याला बाजूला ओढता येते. अणुकेंद्र मात्र जसेच्या तसे राहते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन व ड्यूटेरियम एकत्र भरलेला दिवा आणि पुरेसा सूक्ष्म वर्णपटमापक असेल, तर या दोन लाल रेषा शेजारीशेजारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतात.