स्थानिक अभियोक्ता कार्यालय: सामान्य माणसाला कधी आणि कशी मदत मिळते

स्थानिक अभियोक्ता कार्यालय म्हणजे एखाद्या जिल्ह्यापुरतं, शहरापुरतं किंवा एका कोर्टाच्या हद्दीपुरतं, सरकारच्या वतीने गुन्ह्यांचे खटले चालवणारं ऑफिस. भारतात लोक याला सरकारी वकिलांचं ऑफिस म्हणतात, अमेरिकेत डिस्ट्रिक्ट ॲटर्नीचं म्हणजे डीएचं ऑफिस, स्कॉटलंडमध्ये प्रोक्युरेटर फिस्कल आणि रशियात प्रोकुरातुरा. काम वरवर सारखं दिसलं तरी सामान्य माणसाला तिथे काय मिळेल यात देशागणिक खूप फरक पडतो, कुठे हे ऑफिस फक्त पोलिसांनी आणलेली केस कोर्टात चालवतं तर कुठे थकलेल्या पगारासाठी किंवा घाण झालेल्या नदीसाठीसुद्धा तिथे अर्ज देता येतो. बहुतेकांचा या ऑफिसशी संबंध येतो तो अडचणीच्या काळात, आणि तेव्हा नेमकं काय मागायचं हे माहीत नसल्याने मिळू शकणारी मदतही राहून जाते. म्हणून ही नोंद कायद्याच्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने लिहिली आहे.

तो तुमचा वकील नसतो

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. अभियोक्ता खटला चालवतो तो सरकारच्या, म्हणजे सगळ्या समाजाच्या वतीने, फिर्यादीच्या वतीने नाही, भले फिर्यादीचंच नुकसान झालेलं असो. त्यामुळे बहुतेक देशांत 'मला आता केस नको, मागे घ्या' असं फिर्यादीने सांगितलं म्हणून केस आपोआप बंद होत नाही (काही किरकोळ गुन्ह्यांत तडजोड चालते, तो भाग वेगळा), आणि 'याला कडक शिक्षा झालीच पाहिजे' म्हटलं म्हणून आरोपही वाढत नाहीत. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. स्वतःच्या वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, अभियोक्त्याला सांगितलेलं तसं राहीलच असं नाही. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या केसमध्ये ठरवून दिलं की आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने त्याच्या वकिलाला द्यायलाच हवा, त्यामुळे तुम्ही बोलता बोलता आरोपीच्या बाजूने जाणारं काही सांगितलंत तर ते पलीकडे जाणार हे धरूनच चाला. हे वाईट आहे असं मुळीच नाही, उलट अभियोक्त्याचं काम फक्त शिक्षा मिळवून देणं नसून न्याय्य खटला चालवणं आहे, संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना इथे अभियोक्त्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली त्यातही निःपक्षपातीपणा, आरोपी आणि पीडित दोघांच्या स्थितीकडे लक्ष, हे स्पष्ट लिहिलंय. पण घटस्फोट, भाऊबंदकीतली वाटणी, उसने दिलेले पैसे, घरमालकाशी भांडण यासाठी बहुतेक देशांत हे ऑफिस तुमची बाजू घेऊन उभं राहणार नाही, त्याला खाजगी वकील किंवा मोफत कायदा मदत केंद्र हाच रस्ता.

तक्रार इथे करायची की पोलिसांकडे

बहुतेक ठिकाणी आधी पोलीस. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८६ पासून काम करणारी क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस स्वतः तपास करत नाही आणि लोकांकडून गुन्ह्याची खबरही घेत नाही, तिथे थेट गेलात तर पोलिसांकडेच पाठवतील. जर्मनीत मात्र फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १५८ प्रमाणे पोलीस, अभियोक्ता कार्यालय किंवा स्थानिक कोर्ट यातल्या कुठेही, तोंडी किंवा लेखी, तक्रार देता येते. फ्रान्समध्येही साध्या पत्राने थेट प्रोक्युररकडे म्हणजे तिथल्या अभियोक्त्याकडे तक्रार जाते, नाव-पत्ता, काय झालं, कधी झालं, साक्षीदार कोण, पुरावा काय एवढं लिहिलं की पुरे.

भारतातलं चित्र वेगळं आहे आणि इथे लोक हमखास चुकीच्या दारात जातात. पोलिसांनी एफआयआर घेतली नाही तर सरकारी वकील ती घ्यायला लावू शकत नाही, तो अधिकार त्याच्याकडे नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवायची आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. सरकारी वकिलाच्या ऑफिसात यासाठी खेटे घालण्यात फक्त वेळ जातो, आणि सीसीटीव्ही फुटेजसारखा पुरावा तोवर पुसला गेलेला असू शकतो.

केस चालू असताना

इथे मात्र या ऑफिसचा खरा उपयोग आहे. अमेरिकेत १९७४ च्या सुमारास काही डीए ऑफिसांत पीडित आणि साक्षीदारांसाठी वेगळे कर्मचारी नेमायचे प्रयोग सुरू झाले, कारण लक्षात आलं होतं की साक्षीदार तारखेला येत नाहीत ते पुष्कळदा त्यांना कोणी काही सांगतच नाही म्हणून, कुठल्या मजल्यावर जायचं, किती वेळ बसायचं, तारीख पुढे ढकलली तर कळणार कसं. आज तिथल्या अनेक डीए ऑफिसांत असा विभाग असतो. पुढची तारीख कळवणं, कोर्टात सोबत येणं, दुभाष्या मिळवून देणं, आरोपी सुटला तर कळवणं, नुकसानभरपाईचा फॉर्म भरायला मदत करणं, ही कामं तिथे होतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. स्कॉटलंडमध्ये हेच काम करणारी सेवा अभियोग यंत्रणेच्या आतच आहे.

साक्षीदाराला कोणी धमकावलं, पैसे देऊ केले, घराबाहेर चकरा मारल्या तर लगेच पोलिसांना आणि केस चालवणाऱ्या अभियोक्त्याला दोघांनाही कळवावं. एकट्याने सहन करत बसलं की साक्षीदार फितूर होतो आणि केस तिथेच ढासळते. भारतात साक्षीदार संरक्षण योजना २०१८ सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्य केली, तिच्याखाली धोका किती आहे ते तपासून पोलीस सोबत देण्यापासून ओळख लपवण्यापर्यंत उपाय करता येतात, मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. फ्रान्समध्ये घरगुती हिंसाचारातल्या गंभीर धोक्यात असलेल्या व्यक्तीला प्रोक्युरर एक खास फोन देऊ शकतो, बटण दाबलं की मदत निघते, २०१४ च्या कायद्याने ही सोय देशभर झाली.

भारतात पीडित व्यक्ती स्वतःचा वकील लावून सरकारी वकिलाला मदत करू शकते, कोर्टाची परवानगी मात्र लागते आणि सूत्रं सरकारी वकिलाच्याच हातात राहतात. बाललैंगिक अत्याचाराच्या पॉक्सो कायद्यात आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात विशेष सरकारी वकिलांची तरतूद आहे. हे सगळं कागदावर चांगलंच आहे पण एकेका सरकारी वकिलाच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, तुमची केस त्याच्या डोक्यात ताजी असेलच असं नाही, म्हणून साक्षीच्या तारखेआधी भेट मागून आपला जबाब पुन्हा वाचून घेणं यासारखी साधी गोष्टही फार उपयोगी पडते. जबाब वाचून घेणं आणि 'असं सांगा, तसं सांगा' म्हणून पढवून घेणं यात फरक आहे, असं पढवायला कोणी बघत असेल तर सरळ नकार द्यावा, कारण उलटतपासणीत ते उघडं पडतं.

खटला भरायला नकार मिळाला तर

अभियोक्त्याने केस चालवायची नाही असं ठरवलं की लोकांना वाटतं सगळं संपलं. बऱ्याच देशांत ते संपलेलं नसतं, आणि माझ्या मते या ऑफिसबद्दल सगळ्यात जास्त सांगायला हवी ती हीच गोष्ट. युरोपियन युनियनच्या २०१२ च्या पीडित हक्क निर्देशात खटला न भरण्याच्या निर्णयाची फेरतपासणी मागायचा हक्क दिलेला आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या किलिक केसमधल्या कोर्टाच्या निकालानंतर २०१३ मध्ये पीडितांसाठी फेरविचाराची योजना आली. फ्रान्समध्ये प्रोक्युररने तक्रार निकाली काढली तर कारण कळवावं लागतं, त्यावर वरच्या प्रोक्युरर जनरलकडे दाद मागता येते, आणि तक्रारीनंतर तीन महिने काहीच उत्तर नाही आलं तर अनेक गुन्ह्यांत पीडित थेट तपास न्यायाधीशाकडे जाऊ शकतो. जर्मनीत मुदत कडक आहे, नकार कळल्यापासून दोन आठवड्यांत वरच्या अभियोक्त्याकडे आणि तिथेही नकार आला तर एका महिन्यात उच्च प्रादेशिक कोर्टात, तेही वकिलाच्या सहीने, आणि ही वाट सगळ्या गुन्ह्यांना लागू नाही. मुदत हुकली की पुढचं दार बंद.

जपानमध्ये यासाठी एक वेगळीच व्यवस्था आहे, मला ती फार विचार करायला लावणारी वाटते. १९४८ च्या कायद्याने तिथे अभियोग पुनर्विलोकन समित्या आहेत, मतदार यादीतून चिठ्ठ्यांनी निवडलेले ११ सामान्य नागरिक अभियोक्त्याचा नकार तपासतात. आधी त्यांचं मत फक्त सल्ला होतं पण २००९ पासून समितीने दोनदा 'खटला भरा' असं ठरवलं तर कोर्टाने नेमलेले वकील खटला चालवतात. फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर वीज कंपनीच्या तीन माजी बड्या अधिकाऱ्यांवर २०१६ मध्ये अशाच मार्गाने आरोप ठेवले गेले. २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले, म्हणजे नागरिकांनी आग्रह धरला म्हणून शिक्षा होतेच असं नाही, पण पुरावा उघड्या कोर्टात मांडला गेला, प्रश्न विचारले गेले, आणि दुर्घटनेची झळ बसलेल्या लोकांना तेवढंही आधी मिळत नव्हतं.

गुन्ह्याच्या पलीकडची मदत

रशिया आणि ब्राझील या दोन देशांत हे ऑफिस खटल्यांच्या बरंच पुढे जातं. रशियात सम्राट पहिल्या पीटरने १७२२ मध्ये प्रोकुरातुरा स्थापन केली ती सरकारी कारभारावर नजर ठेवायला, आणि ती देखरेखीची भूमिका आजच्या १९९२ च्या कायद्यातही आहे. पगार थकवला, पेन्शन अडवली, नगरपालिकेने नियमाबाहेर निर्णय घेतला तर जिल्हा प्रोकुरोरकडे लेखी तक्रार देता येते, साधारण ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. तो बेकायदा आदेशाविरुद्ध प्रोटेस्ट म्हणजे लेखी हरकत काढतो किंवा चूक दुरुस्त करायला सांगतो, अशा सूचनेवर संबंधितांना महिन्याभरात पावलं उचलावी लागतात. जो माणूस आजारपण, वय अशा कारणाने स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही त्याच्यासाठी तो दावाही लावू शकतो, नोकरी, घर, मुलं, आरोग्य अशा विषयांत तर ही अटही लागत नाही. अर्थात सरकारचंच ऑफिस सरकारवर नजर ठेवतं तेव्हा राजकीय बाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही, पण थकलेल्या पगारासारख्या रोजच्या तक्रारीत गरीब माणसाला वकिलाशिवाय जायला एक जागा आहे हे महत्त्वाचं.

ब्राझीलमध्ये १९८५ च्या सार्वजनिक दिवाणी दावा कायद्याने आणि नंतर १९८८ च्या राज्यघटनेने स्थानिक अभियोक्त्याला पर्यावरण, ग्राहक, सार्वजनिक मालमत्ता यासाठी लढायचा अधिकार दिला. कोणीही नागरिक माहिती देऊ शकतो, अभियोक्ता स्वतः चौकशी उघडतो आणि पुष्कळदा कोर्टात न जाता कंपनीकडून किंवा नगरपालिकेकडून लेखी हमी घेतो, ती मोडली तर दंड. लहान मुलांच्या पोटगीसाठीसुद्धा तो दावा लावू शकतो.

स्कॉटलंडमध्ये अचानक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूंची चौकशी प्रोक्युरेटर फिस्कल करतो, त्यामुळे कामावर किंवा कोठडीत कोणी दगावलं तर कुटुंबाने प्रश्न विचारायचे ते याच ऑफिसला. आणि चुकीने शिक्षा झालेल्या माणसालाही काही ठिकाणी इथेच दार आहे: टेक्सासमधल्या डॅलस काउंटीच्या डीए ऑफिसने २००७ मध्ये जुन्या शिक्षा पुन्हा तपासणारा विभाग काढला, डीएनए तपासणीने तिथून बरेच निर्दोष कैदी बाहेर आले आणि नंतर इतर काउंट्यांनीही तसे विभाग सुरू केले.

जाताना काय न्यायचं

देश कोणताही असो, लेखी अर्ज हा तोंडी विनवणीपेक्षा कितीतरी जास्त चालतो. अर्जात केस नंबर किंवा तक्रारीचा नंबर, कोर्टाचं नाव, पुढची तारीख, तारखेनुसार काय घडलं आणि शेवटी नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहावं, 'न्याय द्या' असं नको, 'नकाराचं कारण लेखी कळवा', 'जामीन अर्जाच्या सुनावणीत मला मिळालेल्या धमकीची माहिती मांडा', 'नुकसानीची बिलं सोबत जोडली आहेत ती कोर्टासमोर ठेवा' असं. मूळ कागद कधीच देऊन टाकू नयेत, झेरॉक्स द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का किंवा पोच घ्यावी. फोनमधले मेसेज, फोटो डिलीट करू नयेत आणि क्रॉप करूनही देऊ नयेत, पूर्ण संभाषण तारखेसकट ठेवावं. जामिनाच्या सुनावणीआधी सांगितलेल्या धमकीला वजन असतं, नंतर सांगितली तर त्यासाठी जामीन रद्द करायचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होणं जास्त अवघड असतं.