घाटातली गाडी आणि उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह

इंजिन 6,000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 6,000 फेऱ्यांनी, फिरत असेल, तर पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. सिलिंडर हवेने भरायचा तो जेमतेम एवढ्याच वेळात. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल जळणार आणि तेवढीच ताकद मिळणार. पेट्रोल वाढवणं सोपं असतं, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेपाशी. म्हणून टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेल्या गाडीची ताकद वाढवायचा विषय निघाला, की साताऱ्यातल्या कुठल्याही गॅरेजात गाडी हमखास कॅमशाफ्टवर येते. ‘रेसिंगचा कॅम टाक, गाडी उडतीय बघ!’

उडते, यात खोटं काही नाही. फक्त ती 5,000 आरपीएमच्या पुढे उडते. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने जाणारा माणूस त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही.

कॅमशाफ्ट म्हणजे हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) बसवलेला, क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या) निम्म्या वेगाने फिरणारा दांडा. त्यावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी, म्हणजे हवा-धुराच्या वाटेवरच्या झडपेसाठी, एक लोब (अंड्याच्या आकाराची चकती) असतो. लोबचा टोकदार भाग आला की व्हॉल्व्ह दाबला जातो, गोल भाग आला की स्प्रिंग त्याला परत मिटवते. व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा आणि कधी मिटवायचा, हे सगळं लोखंडाच्या त्या आकारातच ठरून गेलेलं असतं. ‘मोठा कॅम’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात ‘किती उघडतो’ एवढंच असतं. पण त्याला लवकरच मर्यादा येते. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या पाव भागाइतका उचलला, की त्याच्या कडेने मिळणारी वाट पोर्टच्या (हवेच्या बोगद्याच्या) तोंडाएवढी होते. 36 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला ही उचल 9 मिलिमीटर भरते, आणि कंपनीचे कॅम साधारण तिथपर्यंत पोचलेलेच असतात. त्यापुढे उचल वाढवून थोडंफार हाती लागतं, नाही असं नाही. पण कॅमचा स्वभाव ठरतो तो हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह मिटण्याच्या क्षणावर.

पिस्टन तळाला पोचला की इनलेट व्हॉल्व्ह मिटायला हवा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो तेव्हा उघडाच असतो. रोजच्या गाडीतही क्रँक तळापासून 40-50 अंश पुढे गेल्यावर तो पुरता मिटतो. तोवर पिस्टन परत वर निघालेला असतो. मग हवा उलटी बाहेर कशी जात नाही? सांगली भागातल्या शेतकऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं. लांब पाइपलाइनवर चालत्या पाण्याचा कॉक एकदम बंद केला, की पाइपाला दणका बसतो. वाहणारं पाणी जागच्या जागी थांबायला तयार नसतं. इनटेकच्या, म्हणजे हवा आत आणणाऱ्या नळीतली हवाही तशीच. वेगात असेल तर पिस्टन वर यायला लागला तरी ती मागच्या रेट्याने आत घुसतच राहते. व्हॉल्व्ह उशिरा मिटवायचा तो या रेट्याचा फायदा घेण्यासाठी.

अडचण अशी, की रेटा वेगावर अवलंबून असतो आणि लोबचा आकार बदलत नाही. तळानंतर 50 अंशांवर व्हॉल्व्ह मिटतो तेव्हा पिस्टनने वरच्या प्रवासाचा सुमारे आठवा हिस्सा कापलेला असतो. रेसिंगच्या जहाल कॅममध्ये हाच क्षण 70 अंशांवर नेला, तर पिस्टन जवळजवळ पाव वाट चढून आलेला असतो. 6,500 आरपीएमला चालतं, कारण हवा तोवर आतच येत असते. पण 1,800 आरपीएमला हवेत तेवढा जोर कुठला? पिस्टन नुकतीच आत आलेली हवा पुन्हा इनटेकमध्ये ढकलून देतो. 1,200 सीसीचं इंजिन अशा वेळी 900 सीसीसारखं चालतं. आत अडकलेली हवा कमी, म्हणून ती दाबलीही कमी जाते. रेसवाले यावर उपाय म्हणून हेड फेसिंग करून (हेडचा तळ घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, वाढवतात. पण त्यांना बाजारातून दूध आणायला जायचं नसतं.

मग ताकद वाढते ती कुठून? अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) गुणिले आरपीएम. न्यूटन-मीटरमधला टॉर्क घ्या, आरपीएमने गुणा, 7,024 ने भागा. समजा इंजिन 6,000 ला 100 न्यूटन-मीटर देतं, तर झाली 85 अश्वशक्ती. नव्या कॅममुळे तेच 100 न्यूटन-मीटर 7,000 ला टिकले, तर जवळपास 100. टॉर्क रतीभरही वाढलेला नाही, फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेलाय. आणि खालचा मजला रिकामा होतो तो असा: 2,000 आरपीएमला 95 चे 80 न्यूटन-मीटर झाले, तर 27 अश्वशक्तीच्या जागी 23 उरतात.

आता घाटाचा हिशेब. माणसं धरून 1,200 किलोची गाडी, पंधरा फुटांना एक फूट असा चढ, वेग 40. गुरुत्वाकर्षण, टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून चाकांपाशी साधारण 15 अश्वशक्ती लागते. बास, पंधरा. ब्रोशरवरच्या 85 किंवा 100 चा इथे संबंधच येत नाही. हेअरपिनवरून दुसऱ्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमला बाहेर पडताना पाय दाबला की गाडी उचलली पाहिजे, एवढीच मागणी असते. जहाल कॅम नेमका तिथे दम टाकतो. मग हाफ क्लच, मग क्लच प्लेटचा वास.

त्यात उंचीची भर. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे 740 मीटरवर आहे, महाबळेश्वर 1,350 च्या आसपास. साताऱ्यात हवा कोकणापेक्षा सुमारे सात टक्के विरळ, महाबळेश्वरला जवळपास आठवा हिस्सा कमी. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं. कॅम कितीही भारी असो, वातावरणात नसलेली हवा तो आणणार कुठून?

आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, अशी गाडी ‘धड-धड-धड’ करते, आणि काहींना तोच आवाज हवा असतो. त्याचं कारण ओव्हरलॅप. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात. वरच्या आरपीएमला बाहेर जाणारा धूर ताजी हवा मागोमाग ओढतो, फायदाच होतो. आयडलिंगला मात्र जळका धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो, मिश्रण बिघडतं आणि अधूनमधून एखादा ठोका चुकतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात तोही आयडलिंगलाच, तेव्हा निकाल काय लागणार ते सांगायला नको. शिवाय इनटेकमधला व्हॅक्यूम घसरतो, आणि पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय आपल्याकडे फार. एरवीही ती वाईटच, अशा कॅमसोबत तर ब्रेक पेडल दगडासारखं होऊ शकतं.

एवढं ऐकूनही कुणाला कॅम बदलायचाच असेल, तर एक काम टाळू नये: उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाही ना, हे बघायचं. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसमोर मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीचा थर लावायचा, हेड बसवायचं, टायमिंग जुळवून क्रँक हाताने सावकाश दोन फेऱ्या फिरवायचा. हेड काढलं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा दिसतो. ठसा ब्लेडने मधोमध कापून सर्वांत पातळ जागेची जाडी व्हर्नियरने मोजायची. इनलेटला किमान 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच हवेत. पिस्टन अगदी वर असताना तो आणि व्हॉल्व्ह सर्वांत जवळ असतात हा समज चुकीचा. खरी जवळीक त्याच्या दहाएक अंश अलीकडे-पलीकडे होते, म्हणून दोन फेऱ्या पूर्ण फिरवाव्या लागतात. स्प्रिंगही त्या कॅमला साजेशा कडक लागतात, नाहीतर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो आणि पिस्टन त्याला गाठतो. जुनाच कॅम घासून आणायचा विचार असेल, तर क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर ते होत नाही. त्याला मूळ आकाराचा मास्टर आणि कॅम ग्राइंडरच लागतो. आरटीओचा मुद्दा वेगळाच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करायला आडवं येतं.

खालचा मजला न सोडता वरचा मिळवायची युक्ती होंडाने 1989 मध्ये बाजारात आणली. एकाच दांड्यावर दोन प्रकारचे लोब, आणि ठरावीक आरपीएमला तेलाच्या दाबाने एकावरून दुसऱ्यावर जायची सोय. 1.6 लिटरच्या त्या व्हीटेक इंजिनातून 7,600 आरपीएमला 160 अश्वशक्ती मिळत होती. आज आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत लोब एकच असला तरी कॅम चालता चालता काही अंश पुढे-मागे फिरवायची व्यवस्था असते. तिथे बाहेरचा कॅम टाकायचा म्हणजे ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) मॅपिंगही नव्याने करून घेणं आलं.

आणि ज्याची जुनी गाडी ‘पिकअपच घेत नाही’, त्याने आधी टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) बघून घ्यावी. लाखभर किलोमीटर चाललेली चेन ताणली जाते, कॅम चार-पाच अंश मागे पडतो आणि इनलेट व्हॉल्व्ह तेवढाच उशिरा मिटतो. म्हणजे रेसिंग कॅमचे तोटे फुकटात, फायदा जवळजवळ शून्य. नवी चेन टाकून टॅपेट सेट केले (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट नीट केली) की बऱ्याच गाड्या पूर्वीसारख्या ओढू लागतात. जुन्या, साध्या कॅमच्या इंजिनाला अॅडजस्टेबल पुली मिळत असेल, तर कॅम मूळ टायमिंगपेक्षा दोन-चार अंश पुढेही घेता येतो. मग व्हॉल्व्ह लवकर मिटतो, वरची चार-दोन अश्वशक्ती जाते आणि टॉर्क खाली 2,000 च्या दिशेने सरकतो.