कॉर्डलेस दूरध्वनी व आन्सरिंग मशीन

कानाला लावायचा हँडसेट आणि टेलिफोनच्या तारेला जोडलेला बेस यांच्यामध्ये दोरी नसून रेडिओलहरींचा दुवा असतो, अशा घरगुती फोनला कॉर्डलेस दूरध्वनी म्हणतात. घेता न आलेल्या फोनला उत्तर देऊन निरोप ध्वनिमुद्रित करणारे आन्सरिंग मशीन अनेक संचांत बेसमध्येच बसवलेले असते. या संचाला दोन बाजू आहेत. भिंतीतल्या सॉकेटपासून बेसपर्यंतची तारेची, आणि बेसपासून हँडसेटपर्यंतची हवेतली. जोडणी करताना काही अडले किंवा नंतर बिघाड झाला, तर दोष कोणत्या बाजूचा आहे हे आधी ठरवावे. ते ठरले की निम्मे काम होते. आन्सरिंग मशीन पूर्णपणे तारेच्या बाजूचे आहे. हँडसेटची बॅटरी संपली किंवा हँडसेट घराबाहेर गेला तरी ते निरोप घेतच राहते.

पूर्वपीठिका

फोनवरचा निरोप साठवण्याची कल्पना कॉर्डलेस फोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज चुंबकीय रूपात उमटवणारे यंत्र तयार केले, ते याच हेतूने. बिनदोरीच्या फोनचे एक प्रारंभीचे पेटंट अमेरिकेत जॉर्ज स्वाइगर्ट यांना १९६९ मध्ये मिळाले. सुरुवातीचे घरगुती संच ॲनालॉग होते आणि त्यांतले संभाषण साध्या रेडिओ स्कॅनरवर शेजाऱ्यालाही ऐकू येई. १९९२ मध्ये युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने डेक्ट हे डिजिटल मानक प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक कॉर्डलेस फोन त्यावर चालतात.

डेक्टचे काम कसे चालते

युरोपात व इतर अनेक देशांत डेक्टला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे, अमेरिकेत १९२० ते १९३० मेगाहर्ट्झचा. म्हणून एका भागातून आणलेला संच दुसऱ्या भागात वापरू नये. अमेरिकेत युरोपीय पट्टा मोबाइल सेवेच्या वाट्याला आलेला असल्याने तिथे तसा संच वापरणे बेकायदा आहे आणि त्याने इतरांच्या फोनमध्येही व्यत्यय येतो. अमेरिकी खोक्यांवरचे ‘डेक्ट ६.०’ हे विक्रीसाठी घेतलेले नाव आहे, मानकाची सहावी आवृत्ती नव्हे.

युरोपीय पट्ट्यात १० वाहक लहरी असतात. प्रत्येक लहरीवर १० मिलिसेकंदांच्या चौकटीचे २४ तुकडे पाडलेले असतात. १२ तुकडे बेसकडून हँडसेटकडे जाण्यासाठी, १२ उलट दिशेसाठी. हँडसेट स्वतःच मोकळा तुकडा शोधतो आणि गर्दी झाली तर बोलणे न तोडता दुसऱ्यावर सरकतो, म्हणून एकाच इमारतीत अनेक संच सुखाने नांदतात. प्रक्षेपणाची कमाल शक्ती २५० मिलिवॉट असते. पण बोलताना हँडसेट २४ पैकी एकाच तुकड्यात प्रक्षेपण करत असल्याने सरासरी १० मिलिवॉटच्या आसपास राहते. मोकळ्या जागेत पल्ला सुमारे ३०० मीटर आणि घरात सुमारे ५० मीटर सांगितला जातो. काँक्रीटच्या दोन-तीन भिंती मध्ये आल्या की घरातला पल्ला याहून बराच घटतो.

बेसची जागा

जागा निवडताना सॉकेट कुठे आहे एवढेच पाहिले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे खरखर ऐकावी लागते. लांब दोरी वापरून बेस घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि उघड्यावर ठेवणे केव्हाही चांगले. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि माशांची टाकी यांच्या आड तो ठेवू नये. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. १.९ गिगाहर्ट्झच्या संचाला वायफाय व मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा त्रास सहसा होत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या संचांना मात्र तो हमखास होतो. तरीही बेस व राऊटर यांच्यात किमान एक मीटर अंतर ठेवावे, कारण शेजारी ठेवलेल्या ॲडॅप्टरचा गुणगुणाटही ओळीत शिरू शकतो.

जोडणी

आधी बेसचा ॲडॅप्टर लावावा, मग टेलिफोनची दोरी. बेसचा आणि जादा हँडसेटच्या चार्जरचा ॲडॅप्टर दिसायला सारखे असले तरी त्यांचा व्होल्टेज वेगळा असू शकतो, आणि काही जुने ॲडॅप्टर एसी वीज देतात. अदलाबदल झाल्यास बेस जळू शकतो. प्रत्येकावर पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवणे शहाणपणाचे. दोरीही संचासोबत आलेलीच वापरावी. आरजे-११ प्लगमध्ये बहुधा मधल्या दोन तारा वापरलेल्या असतात, पण काही संचांच्या दोऱ्यांत तारांची मांडणी निराळी असते. प्लग बरोबर बसतो, डायल टोन मात्र येत नाही, आणि दोष नव्या फोनवर ढकलला जातो.

त्याच तारेवर डीएसएल इंटरनेट असेल तर सॉकेट आणि बेस यांच्यामध्ये फिल्टर लावावाच लागतो. नसल्यास फोनवर सतत फुसफुस येते आणि फोन उचलताच इंटरनेट तुटते. फायबरची जोडणी असेल तर भिंतीतले जुने सॉकेट बहुधा मृत असते. तिथे बेसची दोरी राऊटरच्या ‘फोन’ असे लिहिलेल्या छिद्रात घालावी. नेटवर्क केबलचे छिद्र तसेच दिसते, पण रुंद असते. टेलिफोनचा प्लग त्यात शिरतो आणि सैल बसतो.

हँडसेटमध्ये बहुधा ट्रिपल-ए आकाराचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे दोन रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. पहिल्या वापराआधी ते १४ ते १६ तास चार्ज करावेत. पडद्यावर बॅटरीचे चित्र दोन तासांत भरलेले दिसले तरी थांबावे, कारण नवा फोन सेलची खरी पातळी ओळखत नाही, तो अंदाज करतो.

नंतर देश निवडणे, तारीख व वेळ लावणे ही कामे येतात. देशाची नोंद चुकली तर एक्स्चेंजचे व्यग्र-सूर फोनला ओळखता येत नाहीत. त्याचा त्रास आन्सरिंग मशीनच्या वेळी कळतो. सोबत आलेला हँडसेट बेसशी आधीच जुळवलेला असतो. जादा हँडसेट जोडायचा असल्यास बेसवरचे शोध-बटण (हरवलेला हँडसेट वाजवून शोधायचे) सुमारे पाच सेकंद किंवा बेस सूर देईपर्यंत दाबून धरावे, आणि हँडसेटच्या मेनूतून नोंदणी सुरू करावी. पिन विचारला तर तो बहुधा ०००० असतो. बेस हा नोंदणीचा दरवाजा एक-दोन मिनिटेच उघडा ठेवतो, म्हणून हँडसेट आधी हातात तयार हवा. वेगळ्या कंपनीचा हँडसेट गॅप या समान नियमावलीमुळे जुळतो. बोलणे चालते, पण निरोप ऐकणे, फोनबुकची देवाणघेवाण अशा सोयी त्यावर मिळतीलच असे नाही.

आन्सरिंग मशीनची मांडणी

या यंत्राचे सुख-दुःख एका आकड्यावर ठरते. तो आकडा म्हणजे किती रिंगनंतर उचलायचे. निवड सहसा २ ते ६ किंवा त्याहून थोडी जास्त असते. घरात वयस्कर माणूस असेल तर आकडा मोठा ठेवावा, नाहीतर फोनपर्यंत पोहोचेतो यंत्र बोलू लागते. दोनपेक्षा कमी कधीच ठेवू नये, कारण अनेक देशांत फोन करणाऱ्याचा क्रमांक पहिल्या व दुसऱ्या रिंगच्या मध्ये पाठवला जातो. त्याआधी फोन उचलला गेला की क्रमांक हरवतो.

एक्स्चेंजची स्वतःची व्हॉइसमेल सेवा चालू असेल तर दोन यंत्रांत शर्यत लागते. व्हॉइसमेल रिंग मोजत नाही, सेकंद मोजते. अमेरिकेत रिंगचे एक चक्र ६ सेकंदांचे असते, भारतात आणि ब्रिटनमध्ये ३ सेकंदांचे. त्यामुळे पाच रिंग म्हणजे एकीकडे साधारण अर्धा मिनिट आणि दुसरीकडे पंधरा सेकंद. ‘काही निरोप यंत्रात, काही कुठेच नाहीत’ अशी तक्रार असेल तर बाकीचे निरोप व्हॉइसमेलमध्ये जात असतात. एक सेवा बंद करणे हाच सरळ उपाय. घरचे यंत्र आणि व्हॉइसमेल यांपैकी एक निवडायचे तर एक फरक ध्यानात ठेवावा. ओळ व्यग्र असताना आलेला निरोप व्हॉइसमेलच घेऊ शकते, पण माणूस निरोप ठेवत असताना तो स्पीकरवर ऐकून मध्येच फोन उचलण्याची सोय घरच्या यंत्रातच आहे.

स्वागतसंदेश १० ते १५ सेकंदांचा पुरे. बीप झाल्यावर एक क्षण थांबून, हँडसेट तोंडापासून वीतभर दूर धरून, पंखा बंद करून बोलावे. घरात कोणी नाही, अमुक तारखेला परत येऊ, असे त्यात सांगू नये. सध्या फोन घेता येत नाही एवढे म्हणणे सुरक्षित. ‘फक्त संदेश’ या प्रकारात यंत्र संदेश ऐकवून फोन ठेवते, निरोप घेत नाही. बटण चुकून तिकडे गेल्यामुळे निरोप येईनासे झाल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

एकूण जागा साधारण १५ ते ६० मिनिटांची असते आणि एका निरोपाला १ ते ३ मिनिटांची मर्यादा घालता येते. मर्यादा नसेल तर एकच लांबलेला निरोप सगळी जागा खातो. जागा भरली की काही संच फोन उचलतच नाहीत, काही उचलून नुसता स्वागतसंदेश ऐकवतात. निरोपांच्या शेवटी मिनिटभर ‘टूं टूं’ ऐकू येत असेल, तर पलीकडून फोन ठेवल्याचे यंत्राला कळलेले नाही. देशाची नोंद तपासावी. इंटरनेटवरून चालणाऱ्या ओळीवर हे विशेष घडते, कारण काही राऊटर फोन तुटल्याची खूण तारेवर नीट देत नाहीत.

बाहेरून निरोप ऐकायचे तर आधी यंत्रावरचा संकेतांक बदलावा. मूळ संकेतांक प्रत्येक पुस्तिकेत छापलेला असतो, तोच ठेवला तर तो कोणालाही ठाऊक होतो. घरी फोन करून स्वागतसंदेश चालू असताना अंक दाबले की निरोप सुरू होतात. यासाठी ज्या फोनवरून बोलता त्यावर टोन डायलिंग, म्हणजे अंक दाबताच सूर पाठवण्याची सोय, हवे. बहुतेक संचांत ‘टोल सेव्हर’ नावाची सोय असते. नवे निरोप असतील तर यंत्र दुसऱ्या रिंगला उचलते, नसतील तर चौथ्या-पाचव्या रिंगला. तिसरी रिंग ऐकू आली की निरोप नाही, फोन ठेवून द्यावा, पैसे पडत नाहीत.

बिघाड

आवाजात दोष असेल तर बेसची दोरी काढून त्याच सॉकेटमध्ये साधा दोरीचा फोन लावावा. दोष तसाच राहिला तर तो तारेचा किंवा एक्स्चेंजचा. गेला तर संचाचा. आता हँडसेट बेसपासून एक मीटरवर धरून बोलावे. इथे आवाज स्वच्छ आणि आत गेल्यावर तुटक, म्हणजे प्रश्न पल्ल्याचा आहे. रिपीटरने, म्हणजे बेसच्या लहरी पुढे पाठवणाऱ्या मधल्या उपकरणाने, पल्ला वाढतो, पण काही संचांत त्यासाठी सांकेतिकीकरण (संभाषण इतरांना न कळेल असे करणे) बंद करावे लागते. हे हलके घेऊ नये. २००८ मध्ये संशोधकांनी स्वस्त संगणक कार्ड वापरून असंरक्षित डेक्ट संभाषणे ऐकता येतात हे दाखवून दिले होते.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र सेलमुळे येतात. हँडसेट रात्रभर चार्जवर असूनही दोन मिनिटांत बंद पडतो, तेव्हा फोन नव्हे, सेल म्हातारे झालेले असतात. त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, चार्जर त्यांना लवकर भरलेले समजतो आणि बोलण्याचा भार येताच व्होल्टेज कोसळतो. दोन-तीन वर्षांत हे होणे स्वाभाविक आहे. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदलावेत. अल्कलाइन सेल घालू नयेत. चार्जर त्यांनाही वीज देत राहतो आणि ते गळतात किंवा फुटतात. मूळ सेल ५५० मिलिअँपिअर-तासांचे असतील तर ७५० चे चालतात, पण पूर्ण भरायला तितकाच जास्त वेळ द्यावा लागतो. सेल नवे असूनही चार्ज होत नसेल तर हँडसेट व चार्जरवरचे धातूचे टोक कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने पुसावेत. त्यांवर साचलेला हाताचा तेलकटपणा दिसत नाही, पण वीज अडवतो.

फोन उचलून दुसरा कॉल घेताना ओळच तुटते, ही चूक ‘आर’ बटणाच्या, म्हणजे ओळ क्षणभर तोडून एक्स्चेंजला खूण करणाऱ्या बटणाच्या, कालावधीची असते. देशानुसार तो साधारण १०० ते ६०० मिलिसेकंद असतो आणि मेनूतून बदलता येतो.

वीज गेली की बेस मरतो आणि संचाबरोबर आन्सरिंग मशीनही. निरोप फ्लॅश स्मृतीत असल्यामुळे सहसा टिकतात, पण घड्याळ बऱ्याचदा पुसले जाते आणि पुढच्या निरोपांवर चुकीची वेळ पडते. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंज स्वतः सुमारे ४८ व्होल्ट पुरवते, म्हणून त्या ओळीवर दोरीचा साधा फोन अंधारातही चालतो. असा एक फोन घरात जोडून ठेवावा, तातडीच्या प्रसंगी त्याचीच गरज पडते. फायबरच्या जोडणीत मात्र राऊटरच बंद पडत असल्याने तोही चालत नाही. तिथे राऊटर, फायबरची पेटी व बेस यांना बॅटरीचा आधार लागतो. विजा कडाडत असताना ॲडॅप्टर काढला आणि टेलिफोनची दोरी तशीच ठेवली, तर संरक्षण अर्धेच मिळते. तारेतून आलेला झटकाही बेस जाळतो, म्हणून दोन्ही काढाव्यात.